शेतीबाहेर

पन्नास हजार माणसं लागतात.
कुर्लीहोळात निघाली एकोणपन्नास हजार दोनशे अकरा,
त्यातली काही वास्कोच्या धक्क्यावर, काही इचलकरंजीच्या मागावर,
पण दाराला कुलूप नव्हतं म्हणून मोजलेली.
मग साहेबांनी नकाशा पसरला
आणि हिरव्या पेनानं ओढा ओलांडून
तळ्याची वाडी आत घेतली.
पेनाला पाणी लागलं नाही.

माझं काम रकाने भरायचं.
शेती, की शेतीबाहेर.
निम्म्याहून जास्त माणसं शेतीबाहेर पाहिजेत,
तेव्हाच पुरसभेची नगरसभा होते, असं कायदा म्हणतो.
कन्नडमध्ये म्हणतो.
मी मराठीत विचारतो, कन्नडमध्ये लिहितो.

तानुबाई नाईकवडी, वय अंदाजे साठ.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
काम काय करता?
"दिसत न्हाई व्हय?"
विड्या. म्हणजे शेतीबाहेर.
"दुपारनं मगदुमाच्या उसात भांगलाय जातो."
म्हणजे शेती.
"सांच्याला परत विड्या."
माझा पेन रेघेवर उभा.
"अर्धी हिकडं लिव, अर्धी तिकडं," ती म्हणाली,
बोटं न थांबवता.
मी शेतीबाहेर लिहिलं.
खुरप्याचं काही लिहिलं नाही.

राजपत्र आलं. हरकतींना तीस दिवस.
हरकत एकच आली, दस्तगीर वॉटरमनची:
व्हॉल्व्ह बावीस आहेत, किल्ली एक आहे, मीही एक आहे.
नोंद घेतली.

मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीत पौरायुक्त बसले.
खुर्ची तीच, पाठीवरचा टॉवेल नवा.
एकतीस वॉर्ड पडले, मतदान झालं, गुलाल झाला.
पण अध्यक्ष कुठल्या प्रवर्गाचा
हे बेंगळुरात कोर्टापुढं अडकलं,
आणि सोळा महिने
दर मंगळवारी प्रांतसाहेब जीपमधनं यायचे,
एकतीस जणांच्या वतीनं एक सही करून जायचे.
वाडीच्या सुगंधा बसर्गेला बायका दिव्याच्या खांबाचं विचारायच्या.
ती म्हणायची, "निवडून आलोय गं,
पर अजून झालो न्हाई."

झाली एकदाची.
पहिल्या सभेत विषयपत्रिका कन्नड.
तिनं मराठी प्रत मागितली,
साहेब म्हणाले, अर्ज द्या.
मग मी मागं स्टूल घेऊन बसलो
आणि तिच्या कानात उलगडत गेलो.
विषय सात, कोंडवाड्याची दुरुस्ती.
विषय आठ, फॉगिंग मशीन.
विषय नऊ, घरफाळा...
"कितीनं?" म्हणत तिनं हात वर केला,
साहेबांना विचारायला.
त्याच वेळी मोजणी चालली होती.
ठराव सर्वानुमते मंजूर.
इतिवृत्तात तो हात आहे.
मीच लिहिलाय.

जूनमध्ये तानुबाई खिडकीशी आली.
पदराच्या गाठीतनं रोजगार हमीचं कार्ड काढलं,
कोपरे मऊ झालेलं, पंचायतीचा शिक्का असलेलं.
वाडीच्या तळ्यातला गाळ काढायचं काम
ह्या साली निघालं नव्हतं.
मी सांगितलं, ते खेड्यात असतं.
"मग?"
आता तुम्ही शहरात आहात.
तिनं मागं वळून बघितलं.
"मी उंबरा न्हाई वलांडला, बाबा.
शहराला जायाचं तर एस्टी लागती आमच्यात,
तिकीट लागतंय. मी कवा गेलो?"

मागं रांग होती. जन्मदाखले, दुकानाचे परवाने.
मी तिच्यापुढं घरफाळ्याची नोटीस सरकवली,
वाढीव, नव्या घरनंबरची.
तिनं ती उलटी धरली, सुलटी धरली.
"काय लिवलंय?"
तुमचं नाव.
"अजून?"
आकडा.
"पाणी कवा सोडतासा, त्ये न्हाई?"
ते दस्तगीरला विचारा, म्हटलं.

तिनं नोटिशीची कड दोन बोटांत चोळली.
"कागद जाड हाय," म्हणाली,
"पान कापाय फर्मा हुईल."
आणि कार्ड नोटिशीत गुंडाळून
पदराची गाठ मारत
पायऱ्या उतरून गेली,
भांगलणीची वेळ झाली होती.